करवंदीच्या कुंपणाचा इतिहास



इतिहासाच्या व्याख्यानाला लोक येतात ते राजे, लढाया, तह आणि किल्ले ह्यांविषयी ऐकावयास. माझा आजचा विषय त्या मानाने फारच लहान आहे. तो विषय म्हणजे करवंदी. चैत्र-वैशाखात सड्यावरून जाणारा कोणीही वाटसरू जिची फळे न विचारता तोडतो आणि उरलेले वर्षभर जिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही, ती काटेरी जाळी. परंतु ज्या गावाच्या नावातच 'रूख' आहे त्या देवरुखात एका झुडपाचा इतिहास सांगणे अगदीच अप्रस्तुत ठरू नये. शिवाय इतिहास म्हटला म्हणजे जमीन कोणाची, ती राखली कोणी आणि तिच्यावर पोट भरले कोणाचे, हे प्रश्न त्यात येतातच. ह्या तिन्ही प्रश्नांशी करवंदीचा संबंध आहे, आणि तो आपण समजतो त्यापेक्षा जुना आहे.

प्रथम तिची ओळख करून घेऊ. करवंदी ही कण्हेर, कुडा, चाफा, सातवीण ह्यांच्या कुळातली. पान तोडले की पांढरा चीक येतो, तो ह्या कुळाचा शिक्का होय. पाने जाड, चकचकीत आणि बारमाही हिरवी. काटे जोडीजोडीने येतात आणि पुष्कळदा टोकाशी दुभंगतात. पांढरी, चांदणीसारखी फुले शिशिर-वसंतात येतात, त्यांचा वास जाईजुईची आठवण करून देतो. जांभ्याच्या कातळावर जिथे वीतभरही माती नाही, तिथे एखाद्या फटीत मूळ रोवून ही उभी राहते. पावसाळ्याचे चार महिने तिच्यावर कोसळणारे पाणी आणि पुढचे आठ महिने तिला न मिळणारे पाणी, दोन्ही ती सारख्याच शांतपणे सोसते. कोकणाच्या सड्यासाठीच जणू घडविलेली ही वनस्पती आहे.

हिचे संस्कृत नाव करमर्द. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठाराच्या अध्यक्षाने काय काय साठवावे ह्याची मोठी यादी आहे. तीत आंबट फळांच्या वर्गात वृक्षाम्लाच्या शेजारीच करमर्द सांगितले आहे, आणि त्यापुढे आंबा, आवळा, महाळुंग, बोर अशी नावे येतात. म्हणजे ज्या फळाला आपण रानमेवा म्हणून हिशेबातून वगळतो, त्याची त्या काळी सरकारी कोठारात गणना होती. अमरकोशात करमर्दकाला जी दुसरी नावे दिली आहेत त्यांत 'कृष्णपाकफल' हे एक आहे. पिकल्यावर काळे होणारे फळ, इतके नेमके वर्णन ज्याने एका शब्दात केले, त्याने करवंद नुसते ऐकलेले नव्हते, खाल्लेलेही असावे.

पुढे ह्या फळाची गाठ युरोपातल्या विद्येशी पडली, तीही आपल्याच किनाऱ्यावर. गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली हिंदुस्थानात आला आणि गोव्यात स्थायिक झाला. त्याने इकडच्या औषधी वनस्पतींवर संवादरूपाने ग्रंथ लिहिला आणि तो १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्याच्या तेराव्या संवादात वेलदोड्याच्या जोडीने करवंदाचा परिचय येतो. घाटावर आणि आसपासच्या मुलुखात हे फळ होते, लोक ते खारवून ठेवतात, अशी माहिती त्याने दिली. ह्या ग्रंथाचा लॅटिन सारांश लवकरच युरोपभर गेला. पुढे लिनियसने १७६७ साली ह्या झाडाला शास्त्रीय नाव दिले ते 'कॅरिसा करंडास'. त्यातला 'करंडास' म्हणजे आपल्याकडच्याच बोलीतला शब्द. वेलदोड्यासाठी समुद्र ओलांडून आलेल्या व्यापाऱ्यांच्या ग्रंथात रानातले, विकतही न घ्यावे लागणारे करवंद वेलदोड्याच्या मांडीला मांडी लावून बसले, ही गंमतच म्हटली पाहिजे.

आता फळाकडून कुंपणाकडे वळू. करवंदीचा खरा इतिहास तिच्या काट्यांत आहे.

कोकणात कुंपणाला 'वई' म्हणतात. हा शब्द संस्कृत 'वृति' ह्याचेच रूप. वृतीविषयी आपल्याकडे फार जुना कायदा आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात गावाभोवती गुरांसाठी मोकळी जागा सोडावी असे सांगितले आहे. त्या जागेलगतच्या शेताला कुंपण नसेल आणि गुरांनी पीक खाल्ले, तर राजाने गुराख्याला दंड करू नये. कुंपण कसे असावे हेही तिथेच आहे. उंटाला वरून पलीकडचे दिसू नये इतके उंच, आणि कुत्र्याचे वा डुकराचे तोंड शिरेल असे एकही छिद्र राहू नये इतके दाट. ह्या नियमाचा आशय नीट पाहा. गुरांना हिंडण्याचा हक्क आहे, आणि ज्याला आपले पीक राखावयाचे आहे त्याने वई घालावी, असा तो न्याय आहे. सामाईक रान आधी, खाजगी शेत मागाहून.

कोकणात हा न्याय अगदी अलीकडेपर्यंत चालत आला. भाताची कापणी झाली की गुरे मोकाट सोडावयाची ती पुन्हा पेरणीपर्यंत. त्या उनाड गुरांपासून परसातला भाजीपाला, मिरचीची रोपे, केळी आणि आंब्या-फणसाची कलमे वाचवावयाची, तर आडोसा हवाच. पैसेवाल्याने जांभ्या दगडाचा गडगा घातला, बेडे बसविले. ज्याच्याजवळ पैसा नव्हता त्याने करवंदीच्या फांद्या तोडून आणल्या आणि काट्यांची वई घातली. सुकी वई दोन पावसांत कुजते, वाळवी तिला खाते. करवंदीची जिवंत वई मात्र एकदा जमली की पिढ्यान्‌पिढ्या टिकते. पुष्कळ जुन्या गडग्यांच्या दगडांतूनही करवंदीच वर आलेली दिसते. तिथे गडगा तिला आधार देतो आणि ती गडग्याला उंची देते.

घराच्या वईचेच काम गडाच्या बाबतीत रान करी. १७१५ च्या सुमारास लिहिल्या गेलेल्या, रामचंद्रपंत अमात्यांच्या म्हणून प्रसिद्ध असलेल्या आज्ञापत्रात दुर्गांचे प्रकरण आहे. त्यात गडाभोवतालच्या झाडीला 'कलारगा' असा शब्द येतो. ही झाडी म्हणजेच गडाची राखण, ती यत्नाने वाढवावी, तिच्यातली एक काठीही तोडू देऊ नये, असा तिथल्या आज्ञेचा आशय आहे. तट माणूस बांधतो आणि तोफ तो पाडते. पण उतारावर दाट माजलेली झाडी शत्रूच्या घोड्याला आणि तोफेला वाटच देत नाही. सह्याद्रीच्या उतारावर जी झाडेझुडपे मिळून असे रान दाटते, त्यांत खालच्या थराला करवंदी असतेच. तिच्या जाळीतून वाट काढू पाहणाऱ्याच्या अंगावर कापड आणि कातडे दोन्ही धड राहत नाहीत.

परंतु काट्याला आपला-परका कळत नाही. ज्याच्या हाती सत्ता त्याचे तो काम करतो. ह्याचे सर्वांत मोठे उदाहरण एकोणिसाव्या शतकात घडले आणि त्यातही करवंदी होती. मिठावरचा कर निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळा असल्यामुळे स्वस्त मीठ महाग मुलुखात चोरून जाऊ नये, म्हणून इंग्रज सरकारने देशाच्या मधून एक जकातीची रेषा ओढली. १८६९ च्या सुमारास ती सिंधू नदीपासून बऱ्हाणपुरावरून पूर्वेकडे महानदीपर्यंत गेली होती. लांबी सुमारे २,३०० मैल आणि पहाऱ्यावर सुमारे १२,००० माणसे. ह्या रेषेच्या पुष्कळ भागावर काटेरी कुंपण होते. आरंभी ते तोडलेल्या काट्यांचे होते. पण आपल्या गरीब शेतकऱ्याला जो अनुभव आला तोच सरकारलाही आला. वाळवी, वणवा आणि वारा सुक्या कुंपणाला टिकू देईनात. तेव्हा १८६७ ते १८७० ह्या काळात जकात आयुक्त असलेल्या ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम ह्यांनी जिवंत कुंपण वाढविण्याचा ध्यास घेतला. जमीन पाहून बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग आणि थोर ह्यांची लागवड झाली. जिथे ते उत्तम साधले तिथे कुंपण १० ते १४ फूट उंच आणि ६ ते १२ फूट रुंद झाले. माणूस वा जनावर पार होऊ शकणार नाही असे.

हेच ह्यूम पुढे राष्ट्रसभेच्या संस्थापकांपैकी एक झाले आणि डिसेंबर १८८५ मध्ये मुंबईला तिचे पहिले अधिवेशन भरले. त्याआधीच, १८७९ साली, ही जकातीची रेषा मोडीत निघाली होती. प्रांतोप्रांतींचा कर जवळजवळ सारखा करण्यात आला आणि सांभर सरोवराचे मीठ सरकारने आपल्या ताब्यात घेतले, तेव्हा कुंपणाचे प्रयोजन उरले नाही. कर मात्र उरला. १९३० साली तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातील शिरोड्याला आपल्या लोकांनी जो मिठाचा सत्याग्रह केला, तो ह्याच कराविरुद्ध. गरिबाची मिरची राखणारा काटा गरिबाच्याच जेवणातले मीठ अडवावयासही वापरता येतो, एवढे ह्या प्रकरणातून ध्यानी ठेवावे.

आता जमिनीच्या मालकीचा प्रश्न. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी राखीव रान फार थोडे, बहुतेक डोंगर खाजगी मालकीचे. ही खोतीच्या काळापासूनची रचना होय. भातखाचरे खाली सपाटीला, आणि वर उतारावर वरकस जमीन. वरकसात दोन-तीन वर्षे नाचणी-वरी करावयाची, मग ती जमीन काही वर्षे टाकावयाची. ह्या टाकलेल्या वर्षांत करवंदी, तोरण, दिंडा अशी झुडपे माजत. त्यांतून राबाला कवळ मिळे, चुलीला काटक्या मिळत आणि उन्हाळ्यात फळे मिळत. ही मिळकत कोणत्याच वहीत लिहिली जात नसे. सारा धान्यावर आणि जमिनीवर बसे, करवंदावर बसत नसे. म्हणून दप्तरांत करवंद सापडत नाही, आणि दप्तरांवरून इतिहास लिहिणाऱ्यांनाही ते सापडले नाही.

ह्या न लिहिलेल्या मिळकतीकडे लक्ष वेधणाऱ्यांत जोतीराव फुले अग्रणी होत. १८८३ सालच्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये ते सांगतात की, पूर्वी थोडी जमीन असलेला शेतकरी जवळच्या डोंगरातली उंबर-जांभळासारखी फळे खाऊन आणि पळस-मोहाची पानेफुले व लाकूडफाटा विकून दिवस काढी. जंगलखात्याने त्याचा तो आधार काढून घेतला, अशी त्यांची तक्रार आहे. १८७१ च्या कायद्याने मोकाट गुरे कोंडवाड्यात जाऊ लागली आणि १८७८ च्या कायद्याने रान राखीव होऊ लागले. रान आधी आणि शेत मागाहून, हा जुना न्याय इथे उलटा झाला.

कोकणात मात्र करवंद ह्या सर्वांतून निसटले. खोताच्या डोंगरावरची करवंदेही गोरगरिबांच्या बायकामुलांनी तोडली. 'डोंगरची काळी मैना' म्हणून ती पानांच्या द्रोणातून बाजारात, एस. टी. थांब्यावर आणि पुढे कोकण रेल्वेच्या स्थानकांवरही आली. करवंद फोडून आत तांबडे निघाले तर कोंबडा, पांढरे निघाले तर कोंबडी, हा खेळ कोकणातले प्रत्येक मूल खेळलेले असते. एखाद्या वस्तूवर कोणाचीच मालकी नसली की ती सगळ्यांच्या बालपणाची होते.

डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि १९४९ च्या कायद्याने खोती गेली. जमीन कसणाऱ्याच्या नावावर होणे हा मोठाच न्याय होता. त्यानंतर १९९० साली महाराष्ट्र शासनाने रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवड योजना सुरू केली. तिने कोकणाचे रूप पालटले. ओसाड म्हणून गणलेल्या सड्यांवर आंबा आणि काजू उभे राहिले, अनेक घरांत पैसा आला. त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु बाग करावयाची म्हणजे आधी जाळ्या उपटावयाच्या आणि जाळावयाच्या, ही रीत पडली. ज्या जमिनीवर दप्तरात काही लिहिलेले नाही ती रिकामी, असे समजून चालण्याची चूक इथेही झाली. त्यात फाल्गुन-चैत्रातले वणवे आले. आणि वईच्या जागी काटेरी तार आली.

ह्या तारेचाही इतिहास आहे. अमेरिकेच्या विस्तीर्ण माळांवर काटेरी झाडांचीच कुंपणे लावीत. त्यांना वेळ फार लागे, म्हणून १८७४ साली इलिनॉयच्या जोसेफ ग्लिडन ह्याने काटेरी तारेचे पेटंट घेतले. तार म्हणजे करवंदीची लोखंडी नक्कल म्हणा ना. पण नक्कल करणाऱ्याने फक्त काटा उचलला. फूल, फळ, सावली आणि घरटे मागेच राहिले.

करवंदीच्या जाळीत काय काय राहते ते पाहा. बुलबुल तिच्यात घरटे बांधतो, कारण मांजराला आणि सापाला तिथे शिरणे सोपे नसते. भारद्वाज आणि सातभाई तिचा आश्रय घेतात. ससा आणि लावा तिच्या बुडाशी दडतात. रात्री फुलांवर पतंग येतात. कण्हेरीवर वाढणारा तो सुंदर हिरवा-गुलाबी पतंग आपल्या सुरवंटपणी करवंदीचीही पाने खातो. वैशाखात, जेव्हा सड्यावर दुसरे काही ओले उरत नाही, तेव्हा पाखरे, कोल्हे आणि उदमांजरे हिची फळे खातात आणि बिया दूरवर नेऊन टाकतात.

ह्या सगळ्यांहून मोठे काम निराळेच आहे. जाळीवर पाखरे बसतात, त्यांच्या विष्ठेतून जांभूळ, उंबर अशा झाडांच्या बिया खाली पडतात. वाऱ्याने ऐन-किंजळाच्या बिया येऊन अडकतात. जाळीखाली पालापाचोळा साठून थोडी माती होते, सावलीत ओल राहते. रोप उगवते, आणि शेळी-गुरांचे तोंड काट्यांमुळे तिथे पोचत नाही. काही वर्षांनी त्या जाळीच्या माथ्यातून एखादा ऐन किंवा जांभूळ वर येतो. देवराईच्या कडेला करवंदीचा जो पट्टा दिसतो तो ह्या दृष्टीने पाहावा. राई तिथे संपते असे आपण म्हणतो. वास्तविक राई तिथून पुढे वाढू पाहत असते.

इंग्लंडात हॉथॉर्न नावाचे असेच एक काटेरी झाड आहे. आपल्या करवंदीसारखेच पांढऱ्या फुलांचे, पाखरांना फळे देणारे. काटेरी झुडूप ही ओक वृक्षाची आई, अशी तिकडच्या वनकऱ्यांची जुनी म्हण आहे. ह्याच हॉथॉर्नला तिथेही सत्तेची चाकरी करावी लागली. १६०४ पासून १९१४ पर्यंत पार्लमेंटने ५,२०० हून अधिक कायदे करून सुमारे ६८ लक्ष एकर जमीन बंदिस्त केली. गरिबांची सामाईक कुरणे गेली, आणि त्यांच्या कडेने हॉथॉर्नची कुंपणे उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धानंतर मोठ्या यंत्रांना शेते मोकळी हवीत म्हणून सरकारच्याच पैशाने ती कुंपणे उपटली गेली, आणि सुमारे निम्मी नाहीशी झाली. मग पाखरे कमी झाल्याचे लक्षात आले. शेवटी १९९७ साली नियम झाला की, जुने कुंपण काढावयाचे तर आधी स्थानिक अधिकाऱ्यांना कळवावे. जे कुंपण अन्यायासाठी लावले होते तेच दोनशे वर्षांनी जिवंत ठेवा म्हणून राखावे लागले. तिथल्या लोकांना ही किंमत निम्मी कुंपणे गेल्यावर कळली. आपल्या करवंदी अजून पुष्कळ उभ्या आहेत.

तेव्हा करावे काय? पहिली गोष्ट सोपी आहे. वृक्षारोपणासाठी खड्डे खणताना आधी जाळ्या साफ करण्याची रीत सोडावी. रोप जाळीच्या कडेला, तिच्या सावलीत लावावे. दुसरी गोष्ट, बागेच्या हद्दीवरची जाळी तोडून तार ओढण्याऐवजी जाळीच राखावी, आणि जिथे फट असेल तिथे नवी करवंदी लावावी. बी ताजे हवे, साठवून ठेवलेले बी लवकरच निकामी होते. पिकल्या फळाचे बी धुऊन मृगाच्या आसपास पिशवीत पेरावे आणि पुढच्या पावसाळ्यात रोपे दीड-दीड हातावर, दोन आडव्या-तिडव्या ओळींत लावावीत. पहिली दोन वर्षे ती हळू वाढतात, तोवर धीर धरावा. तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून फळ मिळू लागते, आणि फळे झाल्यावर छाटले की कुंपण दाटते. मोठ्या फळाची हौस असेल त्यांच्यासाठी दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण बोल्ड' नावाची जात काढली आहे. पाखरांना मात्र रानटी, लहान, काळे करवंदच अधिक सोयीचे.

तिसरी गोष्ट वणव्याची. चैत्रात करवंदी फळांनी लगडलेली असते, तिच्यात घरटी असतात. तेव्हाच गवतासाठी किंवा निष्काळजीपणाने लावलेली आग सड्यावरून धावते. जिवंत करवंदी एखाददुसऱ्या आगीनंतर बुडातून पुन्हा फुटते. पण तिच्या आत वाढत असलेला जांभूळ पुन्हा फुटतोच असे नाही. पाच-सात वर्षांचे काम एका दुपारी जाते, आणि कुणाच्या वहीत ते नुकसान म्हणून लिहिले जात नाही.

ही वही आपणच उघडावयास हवी. गावोगावच्या शाळांनी आपल्या वाडीतल्या जुन्या वया कुठे आहेत, किती वर्षांच्या आहेत, त्यांतून कोणती झाडे वर आली आहेत, ह्याची नोंद वृद्धांना विचारून करावी. ती माहिती कोणत्याही दप्तरात मिळणार नाही, आणि ती सांगू शकणारी माणसे थोडीच उरली आहेत. येत्या वैशाखात पिकलेली करवंदे मुलांना द्याल तेव्हा कोंबडा की कोंबडी ते अवश्य पाहू द्या, आणि बिया थुंकून टाकण्यापूर्वी एक पिशवी हाताशी ठेवा. मृग तिथून फार दूर नसतो.